खोबरेल तेल : एकतीस

— नाही, तिथं नको, ती कापडासाठी कुटायची ओली साल आहे, तिच्यावर बसलास तर उठताना तुझी विजार इथंच राहील. इकडे ये, या ठोकळ्याच्या टोकाला. बस. मी ठोकत राहणार, त्याकडे लक्ष देऊ नकोस. मोगरी थांबवता येत नाही — थांबली की शेजारच्या तीन घरांचे कान उभे राहतात, तालाहिवाची मोगरी का थांबली, कोण आलंय, काय चाललंय. ठोकत राहिलं की कुणाला काही ऐकू जात नाही. आमच्याकडे बायकांची खरी बोलणी सगळी याच ठोकळ्यावर होतात, बाकी चर्चमध्ये आणि जेवताना जे बोलतात ते नुसतं हवामान. आणि उद्या रविवार, उद्या मोगरीला हात लावायचा नाही, म्हणजे उद्या बोलणंही बंद. तेव्हा जे काय ते आज, आत्ता, तिकडे जेवण तयार होईपर्यंत. ऊस घे. घे की. मी? मला नको, मला हल्ली डाव्या बाजूनं चावता येत नाही. … मालो? अरे, सगळ्याला मालो मालो काय करतोस पाहुण्या. आभार मानायला चांगला शब्द आहे, मान्य, पण बोटीतून उतरल्यापासून तू नारळाला मालो म्हणालास, खुर्चीला मालो म्हणालास, सकाळी माझ्या भावाच्या डुकराला मालो म्हणालास. आमच्याकडे मालो म्हटलं की दिलेलं घेतलं असं होतं. काय देतायत ते आधी बघ आणि मग म्हण.

आणि मी तुला पाहुणा म्हणते त्याचा राग मानू नकोस. तुझं नाव मला ठाऊक आहे, डेक्लन, तुझ्या बॅगेवर एवढं मोठं लिहिलंय. पण इथं माणसाला नावानं हाक मारली की दुसऱ्या दिवशी त्याचं नातं लागतं, आणि तुझं नातं लागायला नको आहे मला. अजून थोडा वेळ तरी. का ते सांगते. तुझ्याकडे आत्ता या बेटावरची सगळ्यात मोठी पदवी आहे — विद्यापीठाची नव्हे रे, ती राहू दे गुंडाळून — तू इथल्या एकाही बाईचा भाऊ नाहीस. अख्ख्या बेटावर असा पुरुष तू एकटा. बाकी सगळे कुणाचे ना कुणाचे भाऊ, आणि आमच्या टोंगात चुलत, मावस, मामे, आते, आजीच्या बहिणीचा नातू, सगळे सख्खेच धरतात. भावासमोर बहिणीनं पोटाखालचं काही बोलायचं नाही, बहिणीसमोर भावानं ऐकायचं नाही. टीव्हीवर दोघं जरा जवळ आली की आमच्याकडे अर्धी खोली उठून बाहेर जाते, डास मारायला. इतके डास कुठल्याच बेटावर मरत नसतील.

लाजलास? कान लाल झाले बघ. अरे, तुझ्या फॉर्मवर ठळक अक्षरात लैंगिक व प्रजनन आरोग्य लिहिलंय आणि तूच लाजतोस? मी चार वर्षं ऑकलंडला वृद्धाश्रमात काम केलं, तुमची भाषा तिथंच शिकले, गोऱ्या म्हाताऱ्या बायाबाप्यांना रोज आंघोळी घातल्या. माणसाकडे काय काय असतं आणि ते शेवटी कसं दिसतं ते सगळं बघून झालंय माझं. खरं म्हणजे मी पत्र टाकलं होतं, या वेळी बाई पाठवा म्हणून. पाठवला तुला. असू दे, त्यांच्याकडे जे शिल्लक असेल ते पाठवतात.

तर तू आलायस कशाला — तू सांगू नकोस, मीच सांगते. मागच्या वेळचा तो तक्ता घेऊन आलायस. तीन वर्षांपूर्वीचा, तुमच्याच त्या ॲलिस्टरनं केलेला. एक्केचाळीस बायका. गेल्या वर्षात जोडीदार किती, सरासरी सात. बरोबर? संसर्ग टाळण्यासाठी काही वापरता का — खोबरेल तेल, एकतीस. मच्छरदाणी, नऊ. काहीच नाही, एक. आणि आजार? शून्य. एक्केचाळिसातल्या एकीलाही काही नाही. मग तुमच्या त्या मोठ्या लोकांनी डोकं खाजवलं की बाई, सात-सात जोडीदार आणि आजार शून्य, म्हणजे या बेटाच्या तेलातच काहीतरी आहे. आणि तुला काचेच्या बाटल्या देऊन तेल आणायला पाठवलं. हसू नको तर काय करू? काल तू पाळकबाईंकडून तेलाची बाटली भरून घेत होतास आणि त्या बिचाऱ्या म्हणत होत्या, केसांना लावा हो, टक्कल पडत नाही. आणि तू ते वहीत लिहिलंस.

आता ऐक. आणि लिहू नकोस, पेन ठेव खाली. दुभाषी मी होते. ते सगळं मी केलं.

असं झालं. ॲलिस्टर चांगला माणूस, उंच, मवाळ, सगळ्यांत मिसळणारा. बोटीतून उतरला आणि पोरांबरोबर जाळं ओढायला गेला, लगेच गावाला आवडला. माझा भाऊ लिसिआते, गावाचा कारभारी, सकाळी तू ज्याच्या डुकराशी बोललास तो — त्यानं पहिल्याच दिवशी मेजवानी केली, उभा राहिला, भाषण केलं, आणि म्हणाला की आजपासून हा आमचा भाऊ. टाळ्या. ॲलिस्टर रडला. म्हणाला मालो. मी तिकडे बायकांच्या पंगतीत बसले होते, माझ्या हातातला कंद तसाच हातात राहिला. कारण दुसऱ्या दिवशी सकाळी तो फॉर्मांचा गठ्ठा घेऊन बसणार आणि गावातल्या एकूण एक बाईला पोटाखालचे प्रश्न विचारणार — भाऊ होऊन. आणि त्याचे शब्द त्याच्यासमोर आमच्या भाषेत माझ्या तोंडून यायचे. माझाही तो भाऊच झाला होता की.

काय केलं म्हणजे? बोलले. बोलावं तर लागणारच, माणूस समोर बसलाय, पेन उघडलंय. त्यानं विचारलं, गेल्या महिन्यात खाली जळजळ, खाज, स्राव? मी बायकांना विचारलं, पोट बरं आहे ना गं? म्हणाल्या बरं आहे. त्यानं विचारलं, जोडीदार किती? मी विचारलं, वर्षभरात साल कुटायला तुझ्याबरोबर ठोकळ्यावर कितीजणी बसल्या? म्हणाली सहा. दुसरी म्हणाली आठ, लग्न होतं ना घरी. पाळकबाई म्हणाल्या बारा, आणि नाताळात त्याहून जास्त, मोजल्या नाहीत. ॲलिस्टर बिचारा त्यांच्याकडे बघतच राहिला, पण लिहिलं त्यानं, प्रामाणिक माणूस. मग विचारलं, काही वापरता का? आता याचं मी काय करणार — मी म्हटलं, काही वापरतेस का गं. नुसतं एवढंच. एक म्हणाली खोबरेल तेल. एक म्हणाली मच्छरदाणी. मी त्याला जसंच्या तसं सांगितलं. तेवढं एक भाषांतर माझं अगदी शब्दाला शब्द होतं.

मला वाटलं होतं कुणीतरी तिकडे वाचेल, हसेल आणि फाडून टाकेल. मच्छरदाणी, नऊ — माणूस हसणार नाही? नाही हसले. छापलं. आणि तुमच्याकडे छापलं की ते खरं होतं, मग त्यावरून दुसरं खरं निघतं. सहा महिन्यांनी कागद आला की या बेटावर बायकांची प्रकृती उत्तम आहे, सबब नर्सची बोट यापुढे इथं थांबणार नाही, गरज असलेल्या बेटांना वेळ द्यायचा आहे. दर तीन महिन्यांनी यायची ती. बुटकी, तोंडाळ, मोठ्या बेटावरची, आमच्यात कुणाची कुणी नसलेली. पडदा लावायची, आत घ्यायची, बघायची, ओरडायची, औषध द्यायची. आता ती आमच्यासमोरून जाते, दूरवरून इंजिनाचा आवाज येतो. लिसिआतेनं तो कागद चर्चमध्ये वाचून दाखवला, अभिमानानं, की आपल्या बायका निरोगी आहेत. सगळे पुरुष माना डोलवतायत. बायका माझ्याकडे बघतायत. मी छताकडे बघतेय.

… हो, सांगायला हवं होतं. कुणाला सांगू? लिसिआतेला? भावाला? काय म्हणू त्याला — दादा, ते जोडीदार म्हणजे ते जोडीदार नव्हेत?

एक मिनिट, ही साल उलटी करते. जरा त्या टोकाला धर. जोरात नको, फाटेल. हं.

आता आज दुपारी काय होणार ते ऐक. जमिनीतली भट्टी पहाटेच पेटलीय, धूर दिसतोय तो तिचाच. डुक्कर आत गेलंय. ज्याच्याशी बोललास ते नव्हे, त्याचा भाऊ. अळूच्या पानांत मटण आणि नारळाचं दूध, माशाला लिंबू लावून ठेवलंय. सगळे बसले की लिसिआते उभा राहणार आणि म्हणणार की हा आजपासून आमचा भाऊ. तू त्याला आवडलायस, मी बघितलंय, तू त्याच्या होडीचं कौतुक केलंस. की झालं — तेवढ्यात तू सगळ्यांचा भाऊ, तुझे फॉर्म म्हणजे शेगडी पेटवायला कागद, आणि तीन वर्षांनी तिसरा कुणीतरी येणार, मच्छरदाणीचा तुकडा कापून न्यायला.

मी लिसिआतेला नको म्हणू शकते का? वा, विचारलंस ते बरं केलंस. म्हणू शकते. आमच्यात बहीण वरची. बहिणीनं मागावं आणि भावानं द्यावं, आणि का ते विचारायचं नाही — विचारणंच पाप. मी त्याचं बोटीचं इंजिन मागितलं, दिलं. रविवारचे बूट मागितले, माझ्या मुलाला चर्चला घालायला, तर तो स्वतः चार रविवार सपाता घालून गेला. त्याची मधली मुलगी मागितली, दिली, सहा वर्षं माझ्याकडे वाढली. तेव्हा, याला भाऊ करू नकोस, एवढं म्हटलं तर तो मुकाट्यानं गप्प बसेल. पण गाव गप्प बसेल का? त्याची बायको, पिसिला, तिचं तोंड तू अजून ऐकलं नाहीस. संध्याकाळपर्यंत बेटभर होईल, की तालाहिवाला तो पाहुणा भाऊ म्हणून नको आहे, मग काय म्हणून हवा आहे गं? बावन्नाव्या वर्षी. आणि अंगावर हे काळे कपडे असताना.

हे? हे मानासेचं, माझ्या नवऱ्याचं सुतक. वर्ष आणि सात महिने झाले त्याला जाऊन. काळं वर्षभर घालायचं, मग उतरवायचं, जेवण घालायचं, संपलं. मी उतरवलं नाही. पाळकांनी दोनदा प्रवचनात सांगितलं, तालाहिवाकडे बघा, पतिनिष्ठा म्हणजे काय ते बघा. मानासे असता तर खोकल्यासारखं हसला असता. चांगला होता, वाईट म्हणत नाही, पण वर्षातले आठ महिने न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला आणि उरलेले चार महिने झोपायला. एवढ्या काळ्याचा माणूस नव्हता तो. आठवडाभराचा होता फार तर. … मग का घालते? सवय. काळ्यावर काही दिसत नाही. डाग म्हणते मी, सालीचे डाग, हा चीक बघितलास ना किती उडतो.

बरं, ते जाऊ दे. काम करू. तुझ्या बॅगेत त्या काड्या आहेत ना, लांब, टोकाला कापूस — बायकांनी स्वतःच आत फिरवून परत द्यायच्या, कुणी बघायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही. हो, वाचलं मी ते पत्रक, दोनदा वाचलं. ज्यानं कुणी ही काडी शोधून काढली त्याच्या घरी खूप बहिणी असणार. त्या सगळ्या इथं ठेव. या कापडाच्या गुंडाळीत. मी वाटते सगळ्यांना, या ठोकळ्यावर, ठोकता ठोकता, प्रत्येकीला नीट सांगून, या वेळी खरं सांगून. रविवार गेला की सोमवारी सकाळी तुझ्या पायरीवर केळीच्या पानात बांधलेल्या मिळतील, एक्केचाळीस. नाही, चाळीस — एक जण मेली, म्हातारी होती, आपली आपण मेली. तू मोजायच्या आणि बोटीत चढायचं. कुणी दिल्या ते विचारायचं नाही. फॉर्म पण ठेव. जोडीदारांचा प्रश्न मी नीट विचारीन. पाळकबाईंचा आकडा खाली येईल, त्यांना वाईट वाटेल.

आणि एक चिठ्ठी हवी आहे. ती मात्र आत्ता, या क्षणी, भाऊ व्हायच्या आधी. मोठ्या बेटावरच्या इस्पितळासाठी, तुझ्या त्या छापील कागदावर. एका बाईसाठी. जुन्या यादीतली सतरा नंबर. … नाव कशाला? नावं ऑकलंडला कपाटात बंद आहेत असं तूच काल सांगितलंस, गुप्त म्हणून. मग गुप्तच राहू दे. सतरा नंबर. तिला काय होतंय ते सांगते, तू लिही. पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती. आणि आता अंगावरून जातंय. रोज नाही. कधी चार दिवस काही नाही, मग मोगरी उचलली, जोर लावला, की पुन्हा. सात महिने. कंबर दुखते. पायऱ्या चढताना जरा — बस, एवढं पुरे.

… काडी नाही चालणार? सात महिने जात असेल तर नुसती काडी नाही, सरळ डॉक्टर? ताबडतोब? हं. … नाही, मी ऐकतेय. ठोकतेय पण ऐकतेय. … कदाचित काही नसेल. हो. कदाचित असेल. हो. तू बरा आहेस, खोटं बोलत नाहीस, ॲलिस्टर असता तर माझा हात धरला असता.

गेली होती ती. तुला वाटतं सात महिने नुसती बसली? गेली होती एकदा, घरी सांगितलं बाजाराला चालले. पहाटे बोट, वाऱ्यात पाच तास, मग रांगेत दोन तास. नंबर आला. पुढं झाली. तर काउंटरवर कोण बसलाय? कालाफी. तिच्या आईच्या मावशीचा नातू, म्हणजे भाऊ. नवीन नोकरी, पांढरा शर्ट, सगळ्यांशी गोड. म्हणाला ताई, तू इकडे कुठे, काय होतंय? मागं चाळीस माणसं. ती म्हणाली, दात. काय म्हणणार दुसरं? दात दुखतोय, म्हणाली. आणि कालाफी एवढा गुणी, ताईसाठी स्वतः उठला, रांग सोडून तिला दातांच्या खोलीत घेऊन गेला, डॉक्टरला म्हणाला ही माझी बहीण आहे, नीट बघा. त्यांनी बघितलं. कुठला दुखतो? तिनं एक दाखवला. आता दाखवला म्हटल्यावर त्यांनी काढला. चांगला होता रे. खणखणीत दाढ. काढताना डॉक्टर म्हणाला, मूळ फार घट्ट आहे, आश्चर्य आहे. कालाफीनं तो कागदात बांधून दिला. रात्रीच्या — नाही, दुपारच्याच बोटीनं परत आली, एक दात कमी आणि बाकी सगळं तसंच. आता हसतोस का रडतोस? हस. मीही हसले. म्हणजे मला कळलं तेव्हा.

म्हणून चिठ्ठी. चिठ्ठी हातात असली की काउंटरवर तोंड उघडावं लागत नाही. कागद सरकवायचा आणि भिंतीवरचं कॅलेंडर बघायचं. कालाफीही वाचून कॅलेंडर बघेल. त्याला लिहिलेलं चालतं, बोललेलं चालत नाही. लिही ना. वय? बावन्न. … लिही बावन्न. नाव मी टाकीन मागाहून. … तूच लिहायला हवं? सही तुझी, नाव तुझ्या अक्षरात? कसला रे नियम हा.

काय शोधतोयस? जुना तक्ता? सतरा नंबरचा फॉर्म? तो कशाला आता, त्यात काय असणार, पोट बरं आहे असंच — काय? जोडीदार, एक. … असेल. काही वापरता का, काहीच नाही, नवरा परदेशी. हो, ती एकटी ना, काहीच नाहीवाली, तीच. … चाळीस जणींनी प्रश्नाचं भलतंच उत्तर दिलं आणि हिनं एकटीनं बरोबर दिलं, असं म्हणतोस. हिलाच प्रश्न कळला. … असेल हुशार. … इंग्रजी येत असेल. …

असा बघू नकोस माझ्याकडे. ऊस नको म्हटलं ते — ऊस बऱ्याच जणींना नको असतो. आणि कपड्यांकडे काय बघतोस, सांगितलं ना, मानासेसाठी आहेत. सांगितलं ना चीक उडतो.

…

मोगरी थांबली वाटतं. माझ्या लक्षात आलं नाही. मी तेव्हाच लिहिताना म्हटलं होतं, निदान एक फॉर्म तरी खरा असू दे. चाळीस खोटे माझ्या तोंडून गेले, एक आपला खरा. त्या वेळी सगळं खरंच बरं होतं रे. आजार, नाही — ते खरं होतं तेव्हा. नर्सची बोट मी बंद पाडली आणि मग — बरं. लिही. पेन घे. लवकर. ता, मग ला —

थांब.

ऐकलंस? नीरफणसाच्या झाडापाशी. खोकला. लिसिआते आहे. भाऊ बहिणीच्या घरी येताना झाडापासून खोकत येतो, म्हणजे आत जे चाललंय ते आवरायला वेळ मिळतो. कागद उलटा कर. उलटा कर म्हटलं. काड्यांवर साल टाक. त्याला सांगायचं आपण तेलाचं बोलत होतो, खोबरेल तेल — हां, दादा, इथंच आहे पाहुणा. हो, माझी मोगरी थांबली होती, हात भरून आला. भट्टी उघडली? इतक्या लवकर? — तो आत येत नाही, दारातच उभा राहील, तूच वळ त्याच्याकडे. काय म्हणतोस दादा? … भाषणापर्यंत धीर निघत नाही म्हणतोय. … होडी बघितल्यापासून ठरवलं म्हणतोय. … दादा, हे पंगतीत म्हण ना, सगळ्यांसमोर, असं दारात नको — पाहुण्या, काही बोलू नकोस, नुसती मान हलव, नुसता हस, तोंड —

मालो म्हणालास.

झालं.

नाही, काही नाही दादा. आनंद झाला. मलाही एक धाकटा भाऊ झाला. तू हो पुढं, डुकराचं बघ, हा आलाच.

… गेला. कागद कुठे आहे? … नको, दाखवू नकोस. आता मला दाखवायचा नाही तो. घडी घाल. खिशात ठेव. शर्टाच्या, आतल्या. आता तुझं-माझं ते बोलणं संपलं. मी तुझ्याकडे पाठ करून बसते, तसंच बसायचं असतं. ठोकते मी.

भाऊ, ऐक. हे मी बहीण म्हणून सांगतेय. सोमवारच्या बोटीत तुझ्या शेजारची जागा मला हवी. आणि इस्पितळापर्यंत तू यायचं. रांगेत तू पुढं, मी मागं. काउंटरवर पांढऱ्या शर्टाचा माणूस असेल, तू त्याच्याकडे कागद सरकवायचा, काही बोलायचं नाही. मी कॅलेंडर बघत असेन. आणि कुणी मला दातांच्या खोलीकडे न्यायला लागलं तर तू मध्ये उभं राहायचं. कशासाठी ते विचारायचं नाही. बहिणीनं मागितलं की भावानं द्यायचं असतं.

… नाव? कागदावर नाव अर्धंच राहिलंय?

भाऊ बहिणीला नाव विचारत नाही रे. त्याला ते माहीत असतं.

मान खाली घातलीस. बरोबर. शिकलास. आता जा, जेव, ते लोक खोळंबलेत. आणि मालो म्हणू नकोस. काहीच म्हणू नकोस. मी ठोकतेय, मला ऐकू येणार नाही.